प्लॅटिनमची तार आणि कवीचे मन : एलियटच्या एका दृष्टांताची तपासणी

१

विसाव्या शतकातील इंग्रजी समीक्षेने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून जे दृष्टांत उचलले, त्यांत टी. एस. एलियटच्या प्लॅटिनमच्या तारेइतका प्रसिद्ध दृष्टांत दुसरा क्वचितच असेल. ‘ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलेंट’ हा त्याचा निबंध १९१९ साली लंडनच्या ‘द इगोइस्ट’ या नियतकालिकात दोन हप्त्यांनी प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी ‘द सेक्रेड वुड’ या संग्रहात समाविष्ट झाला. पहिला हप्ता संपतो तो वाचकाला दिलेल्या एका निमंत्रणाने. प्राणवायू आणि सल्फर डायऑक्साइड भरलेल्या पात्रात प्लॅटिनमचा बारीक धागा सोडला असता काय घडते, याचा वाचकाने विचार करावा, एवढेच सांगून लेखक थांबतो. या क्रियेचा काव्यनिर्मितीशी संबंध काय, हे कळण्यासाठी ‘द इगोइस्ट’च्या वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहावी लागली. दृष्टांत आधी आणि दार्ष्टांतिक मागून, या रचनेमुळे दृष्टांताला निबंधात जे वजन आले, ते आजतागायत कमी झालेले नाही.

दुसऱ्या हप्त्यात खुलासा येतो तो असा : दोन्ही वायूंचा संयोग प्लॅटिनमच्या सान्निध्यातच होतो, तयार झालेल्या अम्लात प्लॅटिनमचा अंशही नसतो, आणि प्लॅटिनम स्वतः जसेच्या तसे राहते. कवीचे मन म्हणजे हे प्लॅटिनम. भावना आणि संवेदना हे त्यातील वायू. भोगणारा माणूस आणि निर्माण करणारे मन यांच्यातील अंतर जितके पूर्ण, तितका कलावंत श्रेष्ठ. या एका उताऱ्यावर निर्वैयक्तिकतेचा संपूर्ण सिद्धांत उभा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पदव्युत्तर वर्गांत हा सिद्धांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला, आणि शिकविताना दृष्टांताला बहुधा प्रमाणाचे स्थान मिळाले. वास्तविक दृष्टांत हे प्रमाण नव्हे. उपमेय आणि उपमान यांच्यातील साधारण धर्म नेमका कोणता, तो उपमानात खरोखर आहे काय, आणि असल्यास तो उपमेयाला लागू पडतो काय, हे तीन प्रश्न कोणत्याही दृष्टांताला विचारलेच पाहिजेत. एलियटच्या दृष्टांताला तिसरा प्रश्न वारंवार विचारला गेला. पहिले दोन प्रश्न मात्र रसायनशास्त्राच्या हद्दीत जातात, म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने ते बहुधा सोडून दिले. ते विचारून पाहिले असता जे हाती लागते, ते एलियटच्या विरोधात जितके जाते, तितकेच त्याच्या निबंधातील एका मोठ्या विचाराच्या बाजूनेही जाते.

२

सर्वांत उघड चूक आहे ती पदार्थाच्या नावाची. प्लॅटिनमच्या सान्निध्यात सल्फर डायऑक्साइड आणि प्राणवायू यांचा संयोग झाला असता सल्फर ट्रायऑक्साइड तयार होतो. तो योग्य रीतीने पाण्याशी संयोग पावला म्हणजे सल्फ्यूरिक अम्ल, म्हणजेच मराठीत पूर्वापार ज्याला गंधकाम्ल म्हणतात ते, मिळते. एलियट मात्र सल्फ्यूरस अम्लाचे नाव घेतो. सल्फ्यूरस अम्ल सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळला असता तयार होते. त्यासाठी प्राणवायू लागत नाही आणि प्लॅटिनम तर मुळीच लागत नाही. शिवाय एलियटच्या पात्रात पाण्याचा उल्लेखच नाही. म्हणजे त्याने ज्या पदार्थाचे नाव दिले, त्या पदार्थाच्या निर्मितीत त्याच्या कवीला काही कामच उरत नाही.

ही चूक दाखवून समाधान मानणे हे समीक्षेचे काम नव्हे. एका अम्लाऐवजी दुसरे नाव घातले की ती दुरुस्त होते आणि युक्तिवादाला धक्का लागत नाही. चुकांमध्येही भारवाहक चुका आणि शोभेच्या चुका असा भेद करावा लागतो. ही दुसऱ्या प्रकारची होय. भारवाहक विधान आहे ते प्लॅटिनमच्या अविकारित्वाचे. तेथे मात्र थांबून पाहणे अवश्य आहे.

या विधानाच्या मांडणीत एक बारकावा आहे. प्लॅटिनमवर परिणाम झाल्याचे वरकरणी दिसत नाही, असे एलियट प्रथम सावधपणे सांगतो. आणि लगेच पुढे ते निष्क्रिय, तटस्थ आणि अविकृत राहिले, असे निःशंकपणे म्हणतो. ‘दिसत नाही’पासून ‘नाही’पर्यंतचा हा प्रवास एका वाक्याच्या आत पुरा होतो. सिद्धांताची सारी मदार या अर्ध्या पावलावर आहे.

३

उत्प्रेरणाची कल्पना ज्या शब्दांतून घडली, त्या शब्दांचा इतिहास येथे उपयोगी पडतो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने १८३५ साली या क्रियांना एक समान नाव दिले. त्याआधी १८१७ मध्ये हंफ्री डेव्हीने प्लॅटिनमच्या तापलेल्या तारेवर ज्वालाग्राही वायू ज्योतीवाचून जळतात हे दाखविले होते. १८२३ मध्ये डोबेरायनरने प्लॅटिनमच्या सच्छिद्र चूर्णावर हायड्रोजनची धार सोडून ती पेटविली होती. आणि १८३१ मध्ये ब्रिस्टलच्या पेरेग्रिन फिलिप्स या शिर्का-उत्पादकाने, पुढे एलियटने जिचा दृष्टांत घेतला, नेमक्या त्याच क्रियेचे पेटंट घेतले होते. बर्झेलियसने ‘विश्लेषण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाच्या धर्तीवर नवा शब्द बनविला. त्यातील धातूचा अर्थ सोडणे, मोकळे करणे. निद्रिस्त असलेल्या आकर्षणशक्ती केवळ उपस्थितीने जागृत करण्याचे सामर्थ्य, असे त्याने या शक्तीचे वर्णन केले. शब्दात सोडविण्याचा भाव, तर वर्णनात जागविण्याचा, अशी दुही या संज्ञेत जन्मापासूनच आहे.

मराठीत ‘उत्प्रेरक’ हा शब्द रूढ झाला. ‘उत्’ आणि ‘प्र’ हे दोन उपसर्ग लावलेल्या ‘ईर्’ धातूपासून तो सिद्ध होतो, आणि वर उठविणे, पुढे ढकलणे असा त्याचा भाव आहे. म्हणजे मराठीने ग्रीक धातूतील मोकळे करण्याचा अर्थ सोडला आणि बर्झेलियसच्या वर्णनातील जागविण्याचा अर्थ घेतला. परिणामी मराठी समीक्षेत हा शब्द ‘प्रेरणा देणारा’ या अर्थाने सैलपणे वापरला जातो. एखादी चळवळ लेखनाला उत्प्रेरक ठरली, एखादे नियतकालिक नव्या कवितेला उत्प्रेरक ठरले, असे लिहिले जाते. रसायनशास्त्रात मात्र उत्प्रेरक कसलीही प्रेरणा देत नाही. तो क्रियेला ऊर्जा पुरवीत नाही. अभिक्रिया होण्यापूर्वी रेणूंना ऊर्जेचा जो चढ चढावा लागतो, तो टाळून जाणारी दुसरी, कमी उंचीची वाट तो उपलब्ध करून देतो. घाटाच्या माथ्यावर प्रवाशाला ढकलीत नेणारा तो नव्हे. तो खिंड दाखविणारा आहे.

या भेदातून एक कठोर निष्कर्ष निघतो. उत्प्रेरक केवळ वेग बदलतो. क्रिया अखेरीस कोठे स्थिरावेल, तो समतोल तो बदलू शकत नाही. विल्हेल्म ओस्टवाल्डने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्प्रेरकाची व्याख्या वेगाच्या भाषेत केली, आणि १९०९ च्या त्याच्या नोबेल पारितोषिकाच्या कारणांत हे कार्यही होते. सल्फर डायऑक्साइड आणि प्राणवायू यांचा संयोग साधारण तापमानाला ऊर्जेच्या हिशेबाने अनुकूलच असतो. तो घडत नाही असे दिसते, कारण तो अतिमंद असतो. प्लॅटिनम हा संयोग शक्य करीत नाही. शक्य असलेला संयोग ते घडवून आणते. आणि जी वाट पुढे जाण्यास सोपी झाली, ती परत येण्यासही तितकीच सोपी होते. तापमान फार वाढविले, तर तेच प्लॅटिनम ट्रायऑक्साइडच्या विघटनालाही तितकेच साहाय्य करते.

हा साधारण धर्म काव्याला काटेकोरपणे लावला, तर म्हणावे लागेल की कविता कवीवाचूनही झाली असती, फक्त फार उशिरा. आणि ज्या मनाने ती घडविली, तेच मन ती तितक्याच सहजतेने मोडूही शकते. एलियटला यांतील पहिला निष्कर्ष कदाचित सुखावलाही असता. परंपराच कवीच्या द्वारे लिहिते, या मताच्या तो जवळचा आहे. पण त्याच निबंधात तो घटकांच्या महत्तेपेक्षा कलाप्रक्रियेच्या तीव्रतेला, ज्या दाबाखाली त्यांचे एकीकरण होते त्या दाबाला, निर्णायक मानतो. दाब ही उत्प्रेरकाची देणगी नव्हे; ती पात्राबाहेरून येणारी स्थिती होय, आणि उत्प्रेरकाच्या विपरीत दाब समतोलही बदलतो. याखेरीज अन्यत्र कवीचे मन म्हणजे असंख्य संवेदना, शब्दसंहती आणि प्रतिमा साठवून ठेवणारे पात्र, असेही एलियट म्हणतो. प्लॅटिनम काही साठवून ठेवीत नाही. तार, पात्र आणि दाब ही तीन उपमाने एकाच मनासाठी वापरली गेली आहेत, आणि त्यांचे धर्म परस्परांशी जुळत नाहीत. वाचकाच्या स्मरणात राहिली ती एकटी तार.

४

आता अविकारित्वाचा प्रश्न. ‘केवळ उपस्थितीने’ क्रिया घडविणारा पदार्थ ही बर्झेलियसची कल्पना एलियटने निबंध लिहिला तेव्हा ८० वर्षांहून अधिक जुनी झालेली होती. उत्प्रेरक क्रियेत प्रत्यक्ष भाग घेतो, अल्पकाळ टिकणारी संयुगे बनवितो आणि अखेरीस मुक्त होतो, हा विचार पॉल सॅबॅटिएने आग्रहाने मांडला होता, आणि त्यालाही १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळालेले होते. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर प्राणवायूच्या रेणूचे दोन अणू विलग होऊन धातूला चिकटतात, आणि तेथे आलेला सल्फर डायऑक्साइड त्यांपैकी एक अणू घेऊन जातो. प्रत्येक वेळी पृष्ठभाग बांधला जातो आणि सुटतो. म्हणून ‘अविकृत राहिले’ असे न म्हणता ‘विकृत होऊन पूर्ववत झाले’ असे म्हटले पाहिजे. या दोन विधानांत हिशेबाचा फरक शून्य आहे. अर्थाचा फरक मात्र संपूर्ण आहे.

शिवाय पूर्ववत होण्यालाही मर्यादा असते. गंधकाम्लाच्या कारखान्यांत प्लॅटिनम वापरले जाऊ लागले, तेव्हा खनिज भाजून मिळणाऱ्या वायूतील आर्सेनिकच्या अत्यल्प अंशाने ते निकामी होत असे. या स्थितीला रसायनशास्त्रात उत्प्रेरकाची ‘विषबाधा’ असेच नाव आहे. वायू शुद्ध करण्याची खर्चिक व्यवस्था करावी लागली, आणि पुढे या कामी प्लॅटिनमची जागा व्हॅनेडियम पेंटॉक्साइडने घेतली. या नव्या उत्प्रेरकात तर बदल उघडच दिसतो : व्हॅनेडियम आपला प्राणवायू सल्फर डायऑक्साइडला देऊन स्वतः न्यून होतो, आणि हवेतील प्राणवायू घेऊन पुन्हा भरून येतो. देणे आणि भरून येणे हीच त्याची क्रिया. जो काही देत नाही, तो काही घडवीतही नाही.

एलियटच्या स्वतःच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहणे अप्रस्तुत ठरू नये. ‘द वेस्ट लँड’ ही कविता १९२२ साली प्रसिद्ध झाली. तिचे महत्त्वाचे भाग १९२१ च्या शरदात, प्रकृती खालावल्यामुळे घेतलेल्या रजेत, मार्गेट आणि लोझान येथे लिहिले गेले. १९७१ साली व्हॅलरी एलियट यांनी मूळ हस्तलिखितांची प्रतिकृती संपादित करून प्रसिद्ध केली, तेव्हा एझ्रा पाउंडने केलेली काटछाट सर्वांसमोर आली. कवितेत प्लॅटिनमचा अंशही राहत नाही, हे या प्रकरणी खरे मानणे कठीण आहे. आणि प्लॅटिनम अविकृत राहिले, हे मानणे त्याहून कठीण आहे. याचा अर्थ कविता चरित्रात विरघळवून टाकावी असा नाही. भोगणारा माणूस आणि निर्माण करणारे मन यांत अंतर असते, हे एलियटचे निरीक्षण मोलाचे आहे. पण अंतर म्हणजे असंबंध नव्हे.

५

उत्प्रेरकांच्या कुळातील दुसरी शाखा एलियटच्या दृष्टीबाहेर राहिली. सजीवांच्या शरीरांत उत्प्रेरणाचे काम करणारे पदार्थ म्हणजे एंझाइमे. १८३३ मध्ये पायाँ आणि पेर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मोड आलेल्या धान्यातून पिष्टाचे शर्करेत रूपांतर करणारा पदार्थ वेगळा केला. १८९७ मध्ये एडुआर्ट बुखनरने यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या, जिवंत पेशी नसलेल्या रसानेही साखर आंबते, हे सिद्ध केले. १९२६ मध्ये जेम्स समनरने युरिएज हे एंझाइम स्फटिकरूपात मिळविले आणि ते प्रथिन असल्याचे दाखविले. आज जवळजवळ सर्व एंझाइमे प्रथिने आहेत आणि थोडी आर. एन. ए. या रेणूची आहेत, हे ज्ञात आहे. त्यांचे सामर्थ्य अचाट आहे. न्यूक्लिक अम्लांच्या घडणीतील एक विशिष्ट अभिक्रिया एंझाइमावाचून अर्धी पुरी होण्यास सुमारे ७ कोटी ८० लक्ष वर्षे लागतील असा अंदाज आहे. एंझाइम ती सेकंदाच्या लहानशा अंशात उरकते.

‘एंझाइम’ या शब्दातील ग्रीक पद खमिराचे वाचक आहे, आणि संस्कृत ‘यूष’ या शब्दाशी त्याचे नाते भाषाशास्त्रज्ञ जोडतात. मराठीत एंझाइमासाठी ‘विकर’ हा शब्द घडविण्यात आला. विकार घडविणारा तो विकर, हा त्यातील उघड अर्थ होय. घरगुती मराठीत याच्या जवळचा शब्द शोधू गेल्यास ‘विरजण’ आठवते. पण विरजण म्हणजे जिवंत जंतू. ते दुधात वाढते, आणि लागलेल्या दह्यातूनच उद्याचे विरजण काढले जाते. म्हणून रसायनशास्त्राच्या दृष्टीने ‘विरजण’ हा एंझाइमाचा पर्याय नव्हे. उत्साहावर विरजण पडते, या वाक्प्रचारात मात्र भाषेने एक गोष्ट अचूक टिपली आहे : काही बदल असे असतात की त्यांतून मागे फिरता येत नाही.

एंझाइमाच्या कार्याचे वर्णनही दृष्टांतांतूनच पुढे सरकले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. १८९४ मध्ये एमिल फिशरने कुलूप आणि किल्ली यांचा दृष्टांत दिला. एंझाइमाचा विशिष्ट भाग आणि त्यात बसणारा रेणू यांचे आकार परस्परांना तंतोतंत जुळतात, हा त्याचा आशय. १९५८ मध्ये डॅनियल कोशलँडने त्यात दुरुस्ती सुचविली. रेणू येऊन भिडल्यावर एंझाइम स्वतःचा आकार बदलते आणि मग दोघे जुळतात, हात घातल्यावर हातमोजा भरून यावा तसे. ग्लुकोज पकडणारे हेक्सोकायनेज हे एंझाइम आपले दोन भाग ग्लुकोजभोवती मिटवून घेते, हे पुढे स्फटिकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. पचनसंस्थेतील कायमोट्रिप्सिन तर याहून पुढे जाते. ज्या प्रथिनाचे ते तुकडे करते, त्याचा एक तुकडा काही क्षण त्याच्याशीच रासायनिक बंधाने जोडलेला असतो, आणि मग पाण्याचा रेणू येऊन तो सोडवितो. कधी कधी हा बंध सुटतच नाही. ॲस्पिरिनचे कार्य असे चालते : ते सायक्लोऑक्सिजनेज या एंझाइमावर आपला एक अंश कायमचा चिकटवून जाते, आणि तो रेणू पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

विज्ञानाने आपला दृष्टांत पुराव्यानुसार बदलला. समीक्षेने आपला जपून ठेवला. हा फरक समीक्षेला भूषणावह नाही.

६

एंझाइमाचे उपमान एलियटच्या निबंधापुढे ठेवले, तर एक अनपेक्षित गोष्ट दिसते. या निबंधाचे दोन भाग नीट सांधलेले नाहीत, असे अनेक वाचकांना जाणवत आले आहे. पहिल्या भागात परंपरेचा विचार आहे : परंपरा आयती मिळत नाही, ती कष्टाने संपादावी लागते, कवीच्या अंगी ऐतिहासिक जाणीव असावी लागते, आणि खरोखर नवी कलाकृती आली म्हणजे मागच्या सर्व कलाकृतींची परस्परसंगती किंचित बदलते. दुसऱ्या भागात प्लॅटिनम आहे. प्लॅटिनमला मात्र इतिहास नाही. खाणीतून निघालेला धातूचा एक अणू दुसऱ्यासारखाच असतो, आणि तयार झालेले अम्ल मागे वळून धातूला काही सांगत नाही. पहिल्या भागातील कवी परंपरेने घडलेला आहे. दुसऱ्या भागातील कवी कशानेही घडलेला नाही.

एंझाइमाला मात्र इतिहास असतो. त्याच्या क्रियास्थानाची रचना ही कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत निवडली गेलेली आणि वारशाने आलेली असते. तरीही प्रत्येक पेशीला ते आपल्या सामग्रीतून नव्याने घडवावे लागते. वारसा आणि संपादन यांचा हा मेळ एलियटच्या परंपराविचाराशी प्लॅटिनमपेक्षा कितीतरी जवळचा आहे. याहून महत्त्वाची आहे ती परतीची वाट. १९५० च्या दशकात असे दिसून आले की काही अभिक्रियामालिकांत अखेरचा पदार्थ परत येऊन मालिकेच्या आरंभीच्या एंझाइमाला आवर घालतो. १९६३ साली मोनो, शाँज्यो आणि झाकोब यांनी, असा नियंत्रक रेणू क्रियास्थानापासून वेगळ्या जागी बसून एंझाइमाची रचना बदलतो, ही उपपत्ती मांडली. निष्पन्न पदार्थ उत्पादकाचा आकार बदलतो. नवी कृती जुन्या व्यवस्थेला बदलते, या एलियटच्या सर्वांत खोल विचाराला शोभेल असे उपमान प्लॅटिनमच्या पात्रात नव्हते. ते सजीव पेशीत होते.

एक मुद्दा भाषेच्या बाजूने जोडावा लागतो. प्लॅटिनम आणि वायू ही भिन्न द्रव्ये आहेत. न्यायशास्त्राच्या परिभाषेत प्लॅटिनम हे निमित्तकारण. घटात कुंभाराचा दंड शिरत नाही, तसे अम्लात प्लॅटिनम शिरत नाही. पण कवितेचे समवायी कारण भाषा आहे, आणि कवीचे मनही बऱ्याच अंशी त्याच भाषेने घडलेले आहे. येथे निमित्त आणि समवायी यांच्यातील भिंत टिकत नाही. प्रथिनांचे पचन करणारे एंझाइम स्वतः प्रथिनच असते. ट्रिप्सिन हे एंझाइम तर आपल्याच निष्क्रिय पूर्वरूपाला छेद देऊन आणखी ट्रिप्सिन तयार करते. जे घडवायचे आणि ज्याने घडवायचे ते एकाच द्रव्याचे असणे, ही भाषेची आणि प्रथिनांची समान अवस्था आहे. एलियटने संवेदना विशिष्ट शब्दांना, वाक्खंडांना आणि प्रतिमांना लगडून येतात असे म्हटले, तेव्हा तो या सत्याच्या अगदी जवळ आला होता. तारेच्या दृष्टांताने त्याला मागे ओढले.

७

भारतीय काव्यशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. भरताने रसनिष्पत्ती समजावताना स्वयंपाकघरातील दृष्टांत दिला : नाना व्यंजने आणि औषधी द्रव्ये एकत्र आली म्हणजे त्यांतून एक रस निष्पन्न होतो. पुढील आचार्यांनी पानकरसाचा, म्हणजे अनेक पदार्थ मिसळून केलेल्या पेयाचा, दृष्टांत वापरला. त्याची चव कोणत्याही एका घटकाची नसते. वैयक्तिक भाव काव्यात वैयक्तिक राहत नाही, हे साधारणीकरणाच्या सिद्धांताने एलियटच्या शेकडो वर्षे आधी सांगितले. पण त्यासाठी त्याला कवीला अविकारी ठरवावे लागले नाही. भावाचे रूपांतर सांगणे पुरेसे झाले. मराठीत मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’च्या चर्चेत लेखकाच्या आत्मनिष्ठेला जे स्थान दिले, त्यावरूनही दिसते की नवकाव्याचा पुरस्कार आणि प्लॅटिनमचे अविकारित्व यांची सांगड अपरिहार्य नव्हती.

या तपासणीत जे पणाला लागले आहे, ते एका उपमानाच्या अचूकतेपुरते मर्यादित नाही. निर्वैयक्तिकतेला रसायनशास्त्राचे पाठबळ आहे असा समज दृढ झाला, म्हणजे ज्या काव्यात कवी लिहिताना उघड बदलत जातो, ते काव्य त्या निकषावर आपोआप दुय्यम ठरते. तुकारामांच्या अभंगांत साधकाची अवस्था अभंगागणिक पालटते; नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) भोगणारा आणि निर्माण करणारा यांना वेगळे काढू गेल्यास कवितेचा कणाच मोडतो. अशा कवितेपुढे अविकारी प्लॅटिनमची पट्टी धरणे म्हणजे वाचन टाळणे होय, आणि ते शास्त्राच्या नावाखाली टाळणे अधिक घातक होय. कारण ज्या शास्त्राची साक्ष काढली जाते, ते ती साक्ष देतच नाही.

एंझाइमाच्या उपमानालाही मर्यादा आहेत, आणि त्या येथेच नोंदविणे न्याय्य ठरेल. एंझाइम निवड करते ते आकाराच्या बळावर, अर्थाच्या बळावर नव्हे. ते एकच पदार्थ लक्षावधी वेळा तयार करते. कविता एकदाच होते. एंझाइमही समतोल बदलू शकत नाही, आणि कविता जर काही करीत असेल, तर आधीच्या समतोलातून जे निघाले नसते तेच ती आणते. तेव्हा एका दृष्टांताच्या जागी दुसरा बसवून त्यालाही प्रमाणाचे आसन देणे, ही जुनीच चूक नव्याने करणे होईल.

‘द यूज ऑफ पोएट्री अँड द यूज ऑफ क्रिटिसिझम’ या व्याख्यानग्रंथाच्या १९६४ च्या आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत एलियटने आपला हा निबंध अपरिपक्व वयातील लेखनात जमा केला. निबंध टिकला तो त्यातील परंपराविचारामुळे, आणि तो टिकण्यास पात्र आहे. वर्गात तो शिकविताना तारेचा उताराही वगळण्याचे कारण नाही. तो वाचावा, त्यातील अम्लाचे नाव दुरुस्त करावे, ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांतील अंतर विद्यार्थ्याला दाखवावे, आणि मग विचारावे की कविता पुरी झाल्यावर कवीच्या मनाचे काय होते. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कवीच्या बाबतीत निराळे मिळेल. ते शोधण्यासाठी कविताच पुन्हा वाचावी लागेल.